धान्याचं सॅलड मोकळं राहत नाही आणि मायक्रोग्रीन कोमेजतात, नेमकं काय चुकतंय?

कोवळी_पालवी

धान्य आणि मायक्रोग्रीन (बी उगवल्यावर थोड्याच दिवसांत कापलेली कोवळी रोपं) यांचं गार सॅलड करायचं आहे, चार जणांना पुरेल इतकं. दोनदा केलं, दोन्ही वेळा बिघडलं. कृती जशीच्या तशी लिहिते, म्हणजे चूक कुठे आहे ते दाखवता येईल.

१ कप क्विनोआ एकदा पाण्यातून काढला, अडीच कप पाणी घालून झाकण ठेवून २० मिनिटं शिजवला आणि त्याच पातेल्यात झाकून गार होऊ दिला. कोमट असतानाच त्यात चिरलेली काकडी, टोमॅटो, कांदा, एका लिंबाचा रस, २ चमचे ऑलिव्ह तेल आणि मीठ घातलं. वर मुळा आणि मोहरीचे मायक्रोग्रीन मूठभर घालून सगळं एकत्र कालवलं. अर्ध्या तासात क्विनोआचा गिच्च गोळा झाला, तळाशी पाणी साठलं, पानं काळपट आणि लिबलिबीत झाली. चवीला मागून कडवटपणा येतो, आणि लिंबू घालूनही सगळं मिळमिळीत लागतं.

दुसऱ्या वेळी क्विनोआऐवजी अख्खा गहू घेतला. तो तासभर शिजवूनही मध्ये कणी राहिली, आणि फ्रिजमध्ये ठेवल्यावर दाणे रबरासारखे झाले.

मायक्रोग्रीन घरीच ट्रेमध्ये लावते. त्यात तिसऱ्या दिवशी बियांभोवती पांढरी लव दिसते. ती बुरशी समजून एक ट्रे टाकून दिला. ती खरंच बुरशी होती का?

कुठलं धान्य निवडावं, ते मोकळं कसं ठेवावं, आणि पानं ताटात येईपर्यंत ताजी कशी राहतील, हे कुणी नीट सांगेल का?

---

रोळी

आधी धान्याचं सांगतो, पानांचं जाणकार सांगतीलच.

तुमच्या पहिल्या कृतीत पाणी तीन वाटांनी आलंय: शिजवताना जास्त घातलेलं, झाकणाखाली कोंडलेल्या वाफेचं, आणि मीठ लागल्यावर भाज्यांना सुटलेलं. या सॅलडमध्ये बाकी काहीही थोडं कमीजास्त झालं तरी निभावतं. दाण्याच्या अंगावर राहिलेलं पाणी मात्र निभावत नाही. ते ड्रेसिंग पातळ करतं, दाण्यांना एकमेकांना चिकटवतं आणि पानांनाही भिजवतं.

क्विनोआचा कडवटपणा त्याच्या सालीवरच्या सॅपोनिन या फेसाळ, कडू द्रव्याचा. एकदा पाण्यातून काढून ते जात नाही. बारीक जाळीच्या गाळणीत घेऊन नळाखाली बोटांनी चोळत धुवा, फेस यायचा थांबेपर्यंत. साधारण एक ते दीड मिनिट लागतं. पाकिटावर धुतलेला लिहिलं असलं तरी एकदा धुवून पाणी जिभेला लावून बघा. कडू लागलं तर पुन्हा धुवा.

मग नीट निथळून कोरड्या कढईत ४-५ मिनिटं परता. दाणे सुटे होऊन हलका खमंग वास आला की पुरे. १ कप क्विनोआला दीड ते पावणेदोन कप पाणी. उकळी आली की आंच अगदी मंद, झाकण घट्ट, १२ ते १४ मिनिटं. दाण्यातून पांढरं कडं सुटून वेगळं दिसायला लागलं की शिजला. आता गॅस बंद करून झाकण काढा, पातेल्यावर कोरडं सुती फडकं पसरा आणि त्यावर झाकण परत ठेवा. १० मिनिटांत वर येणारी वाफ फडकं शोषून घेतं. तुमच्याकडे हीच वाफ थेंब होऊन परत क्विनोआवर पडत होती. मग काट्याने मोकळा करून परातीत पसरा. चमच्याने ढवळू नका, दाणे चिरडतात आणि आतली पिठूळ चिकटी बाहेर येते.

गव्हाची गोष्ट वेगळी. त्याला पाण्याचं प्रमाण मोजत बसू नये, भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून द्यावं. अख्ख्या गव्हाचा कोंडा पाणी आत शिरू देत नाही, म्हणून रात्रभर, ८ ते १२ तास, भिजवणं महत्त्वाचं. हवा गरम असेल तर फ्रिजमध्ये भिजवा, नाहीतर आंबूस वास येतो. २०० ग्रॅम गव्हाला २ लिटर पाणी, दर लिटरला १० ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट पावणेदोन चहाचे चमचे. हे मीठ जास्त वाटेल, पण बहुतेक पाण्याबरोबर निघून जातं. दाण्याच्या आत जेवढं मुरतं तेवढ्यानेच चव येते. तुमचं सॅलड मिळमिळीत लागण्याचं निम्मं कारण इथेच आहे: अळणी शिजलेल्या धान्याला वरून कितीही मीठ लावलं तरी ते वरवरच राहतं.

भिजलेला गहू ३० ते ४० मिनिटांत होतो, न भिजवलेला तासभर किंवा त्याहून जास्त घेतो, आणि जुना साठवणीचा असेल तर आणखी. घड्याळापेक्षा दाताचा भरवसा. दाणा मधोमध तोडून बघा: आत पांढरा ठिपका म्हणजे कणी आहे. दहातला एखादा दाणा फुटायला लागला की लगेच उतरवा. सगळे फुटेपर्यंत थांबलात तर दाताखालचा टचटचीतपणा गेला. कुकर वापरायचा असेल तर भिजवलेला गहू, कुकर निम्म्याहून जास्त भरायचा नाही, फेस वर येऊ नये म्हणून चमचाभर तेल, आणि पहिल्या शिट्टीनंतर मंद आंचेवर १२ ते १५ मिनिटं. पण कुकरमध्ये मधेच दाणा चाखता येत नाही, म्हणून सॅलडसाठी मी उघडं पातेलंच सुचवेन.

निथळल्यावर परातीत बोटाच्या पेरापेक्षा पातळ थर पसरा. गरम दाणा स्वतःच्याच उष्णतेने अंगावरचं पाणी उडवतो, त्याला फक्त जागा हवी. पाच मिनिटांनी एकदा हात फिरवा, पंखा असेल तर १५-२० मिनिटांत काम होतं. पातेल्यात ढीग ठेवलात तर मधला भाग तासन्‌तास गरम राहतो आणि वाफेवर शिजतच राहतो.

पसरण्याचं दुसरंही कारण आहे. शिजवूनही बॅसिलस सिरियस या जिवाणूची बीजं धान्यात टिकून राहतात. धान्य कोमट अवस्थेत बराच वेळ पडलं की ती रुजून वाढतात, आणि त्यांचं एक विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. म्हणून शिजवलेलं धान्य दोन तासांच्या आत गार करून ५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं पाहिजे, निदान जे लगेच खायचं नाही ते तरी.

इतर धान्यांचं थोडक्यात. पॉलिश केलेली बार्ली २५ ते ३५ मिनिटांत शिजते, पण तिला चिकट पाणी सुटतं. तीच एक निथळल्यावर गार पाण्याने धुवावी लागते, आणि धुतल्यावर फडक्यावर कोरडी करावी लागते. जाड दलिया दुप्पट उकळत्या पाण्यात मंद आंचेवर १२-१५ मिनिटं. अख्खी ज्वारी रात्रभर भिजवून ५० ते ६० मिनिटं. ती फार मोकळी राहते, गोल दाणा चावायला छान लागतो. पहिल्यांदा करताना गहू किंवा ज्वारी घ्या, कारण ती चुका पोटात घालतात. क्विनोआला दोन मिनिटं जास्त झाली तरी त्याची लापशी होते.

---

परसदार

पांढऱ्या लवेबद्दल: मुळा आणि मोहरीला दुसऱ्या ते चौथ्या दिवशी जी लव दिसते ती बहुतेक वेळा मूळरोमांची, म्हणजे मुळावरच्या बारीक केसांची असते, बुरशीची नाही. ओळखायची रीत सोपी. पाण्याची बारीक फवारणी करा. मूळरोम मुळाला चिकटून दिसेनासे होतात आणि थोड्या वेळाने परत उभे राहतात. बुरशी भिजल्यावरही जाळ्यासारखी तशीच दिसते. मूळरोम फक्त मुळाभोवती, सगळीकडे सारखे, बाटली धुवायच्या ब्रशसारखे असतात. बुरशीचे धागे एका बीवरून दुसरीवर, देठांच्या मधून कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरतात आणि कुबट वास येतो. वास हा सगळ्यात भरवशाचा पुरावा. टाकलेला ट्रे बहुधा चांगलाच होता.

खरी बुरशी आली तर कारण जवळजवळ नेहमी तेच: बी दाट पेरलं, पाणी वरून ओतलं, हवा खेळली नाही. २५ बाय ५० सेंटिमीटरच्या ट्रेला मुळ्याचं बी २५ ते ३० ग्रॅम, मोहरी १२ ते १५ ग्रॅम, ब्रोकोली १५ ते २० ग्रॅम, सूर्यफूल १०० ते १२५ ग्रॅम, वाटाणा २०० ते २५० ग्रॅम. मोहरीचं बी बारीक असल्याने हात सैल सुटतो आणि दुप्पट पडतं, म्हणून काट्यावर मोजूनच पेरा. बी खाण्यासाठीचं किंवा खास मायक्रोग्रीनसाठीचं घ्या. शेतात पेरायच्या बियांना अनेकदा बुरशीनाशक चोळलेलं असतं, गुलाबी किंवा निळा रंग दिसला तर ते बी या कामाचं नाही.

भिजवायचं कुठलं? वाटाणा ८ ते १२ तास, सूर्यफूल ८ तास. मुळ्याला गरज नाही. मोहरी आणि तुळशीच्या जातीचं बी भिजवूच नका, त्याला बुळबुळीत आवरण येतं आणि मग ते गोळ्यांनी पडतं. अख्ख्या धण्यात दोन बिया असतात, तो लाटण्याने हलकेच दाबून दुभंगवून पेरला की उगवण एकसारखी येते.

कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) २ ते ३ सेंटिमीटर थर, मुठीत दाबल्यावर एखाददुसरा थेंब येईल इतकाच ओला. पेरून फवारणी, वर दुसरा ट्रे उपडा आणि त्यावर किलो-दीड किलो वजन. वजनामुळे मुळं खाली घुसतात आणि सूर्यफुलाचं टरफल सुटायला मदत होते. ३ दिवसांनी, कोंब एक-दोन सेंटिमीटर झाले की वजन काढून उजेडात आणा. १२ ते १४ तास उजेड, १८ ते २४ अंश तापमान. उजेडात आणल्यावर पाणी फक्त खालून: भोकांच्या ट्रेखाली बिनभोकाचा ट्रे, त्यात अर्धा सेंटिमीटर पाणी, १५-२० मिनिटांनी उरलेलं ओतून द्यायचं. ओल्या पानांवर रात्र गेली की देठ जमिनीलगत काळे पडून झोपतात.

कापायची वेळ सॅलडसाठी फार महत्त्वाची. मुळा ६ ते ८ दिवसांत, मोहरी ८ ते १० दिवसांत, सूर्यफूल ८ ते १२ दिवसांत, वाटाणा १० ते १४ दिवसांत, राजगिरा आणि बीट १२ ते १६ दिवसांत तयार होतात. कोथिंबीर तीन आठवडे घेते. सूर्यफूल खऱ्या पानांची जोडी फुटायच्या आधी कापा, नंतर ते राठ आणि कडू होतं. वाटाणा सगळ्यात खालच्या पेराच्या वर कापला तर एकदा परत फुटतो. मुळा-मोहरी फुटत नाहीत.

कापायच्या ८ ते १२ तास आधी पाणी देणं थांबवा. सकाळी, धारदार कात्रीने, कोकोपीटच्या एक सेंटिमीटर वर. बोथट कात्री देठ चेचते आणि चेचलेलं टोक फ्रिजमध्ये सगळ्यात आधी सडतं. लगेच वापरायचे नसतील तर न धुता, तळाशी कोरडा कागद घातलेल्या डब्यात, दाबून न भरता ४ अंशाला ठेवा. मुळा-ब्रोकोली आठवडाभर छान राहतात, राजगिरा आणि तुळस दोन-तीन दिवसांच्या वर ठेवू नका.

सॅलडसाठी निवड करताना टिकाऊ आणि नाजूक अशी जोडी करा. वाटाणा आणि सूर्यफूल यांचं देठ जाड, करकरीत असतं. ते धान्यात मिसळले तरी तासभर तग धरतात. मुळा-मोहरी तिखटपणासाठी, त्या वरून. चार जणांना मिळून ६० ते ८० ग्रॅम: त्यातले ४०-५० ग्रॅम वाटाणा किंवा सूर्यफूल, बाकी तिखट. नुसता मुळा ८० ग्रॅम घातला तर दुसरी कुठलीच चव लागत नाही.

---

मोजमाप

ड्रेसिंगचं प्रमाण. पालेभाजीच्या सॅलडला १ भाग आंबट, ३ भाग तेल हे ठरलेलं आहे. धान्याला ते चालत नाही. पिष्ट (स्टार्च) आंबटपणा गिळून टाकतं, त्यामुळे धान्याला १ भाग आंबट आणि दीड भाग तेल लागतं. २०० ग्रॅम कोरडा गहू शिजून साधारण ४५० ग्रॅम होतो, त्याला:

तेल ४५ मिलिलिटर (३ मोठे चमचे), लिंबाचा रस ३० मिलिलिटर (२ मोठे चमचे), मोहरीची पूड १ चहाचा चमचा, मध १ चहाचा चमचा, मीठ अर्धा चहाचा चमचा, मिरपूड पाव चमचा.

मोहरीची पूड थेट लिंबात घालू नका. आधी दोन चमचे गार पाण्यात कालवून १० मिनिटं ठेवा. तिखटपणा पूड पाण्यात भिजल्यावर तयार होतो, आणि आंबट किंवा कढत पाणी आधीच पडलं तर ती क्रिया दबते. मग लिंबू, मध, मीठ घालून मीठ विरघळवून घ्या, आणि शेवटी तेल धारेने. क्रम उलटा केला, म्हणजे तेल आधी आणि मीठ नंतर, तर मीठ तेलात विरघळत नाही आणि दाताखाली खडे येतात.

घालायची वेळ दोन टप्प्यांत. धान्य परातीत हाताला कोमट लागेल इतकं आलं, अंगावर पाणी चकाकत नाही असं दिसलं, की निम्मं ड्रेसिंग घालून हलक्या हाताने लावा. कोमट दाणा चव ओढून घेतो, गार दाण्याच्या ती वरच राहते. उरलेलं निम्मं वाढायच्या वेळी. पहिल्या निम्म्यानंतर १५ मिनिटं थांबून चाखा. धान्य मीठ आणि आंबट दोन्ही पिऊन बसलेलं असतं, आणि मग वाटलं तर अर्ध्या लिंबाचा रस वाढवा.

भाज्यांचं पाणी आधीच काढायचं. काकडी उभी चिरून मधला बियांचा भाग चमच्याने खरवडून टाका, पाव चमचा मीठ लावून १५ मिनिटं चाळणीत ठेवा आणि फडक्यात हलकी दाबा. एका मोठ्या काकडीतून दोन-तीन चमचे पाणी सहज निघतं. टोमॅटोचा गर आणि बिया काढून फक्त भिंती घ्या. तो गर फेकू नका, गाळून ड्रेसिंगमध्ये लिंबाबरोबर घातला तर चव खोल येते. कांदा पातळ चिरून लिंबाच्या रसात १० मिनिटं, म्हणजे उग्रपणा उतरतो.

आता पानं. पान लिबलिबीत होण्याची दोन कारणं आहेत आणि लोक फक्त एकच धरून चालतात. मीठ पेशींतलं पाणी बाहेर ओढतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण नुसतं तेलही पान कोमेजवतं. पानावर मेणासारखा पातळ थर असतो, पाणी त्यावरून घरंगळतं, तेल मात्र त्यातून आत शिरतं. मायक्रोग्रीनचा हा थर फारच पातळ, म्हणून त्यांना ड्रेसिंग लावायचंच नाही. धान्यात ड्रेसिंग, पानं कोरडी. वाटाण्याचे कोंब वाढायच्या पाच मिनिटं आधी धान्यात मिसळा, मुळा-मोहरी ताटात वाढल्यावर वरून भुरभुरवा. तेव्हा धान्य पूर्ण गार हवं. मुळा, मोहरी, ब्रोकोली यांचा झणका पान चावल्यावर तयार होतो, त्यासाठी लागणारं विकर (एन्झाइम) उष्णतेने निकामी होतं. गरम धान्यावर टाकलेला मुळा म्हणून फक्त हिरवा दिसतो, तिखट लागत नाही.

सुक्यामेव्यापैकी बदाम किंवा अक्रोड ४० ग्रॅम, १६० अंशाला १० ते १२ मिनिटं भाजून, भरड चिरून, अगदी शेवटी. आधी घातले तर नरम पडतात. एखादं आंबटगोड फळ, सफरचंदाच्या बारीक फोडी किंवा डाळिंबाचे मूठभर दाणे, धान्याच्या पिठूळ चवीला छान तोडतं. चीज घालणार असाल तर ड्रेसिंगमधलं मीठ निम्मं करा.

गव्हाचे दाणे रबरासारखे झाले ते फ्रिजमुळे. शिजलेलं पिष्ट गार झाल्यावर पुन्हा घट्ट रचना धरतं, आणि फ्रिजच्या तापमानाला हे सगळ्यात वेगाने होतं. उपाय: खायच्या २०-३० मिनिटं आधी बाहेर काढा. किंवा धान्य वेगळं ठेवलं असेल तर चमचाभर पाणी शिंपडून झाकून वाफ आणा, परत परातीत पसरा आणि मग ड्रेसिंग. क्विनोआचं पिष्ट वेगळ्या धाटणीचं असतं, तो फ्रिजमध्ये तितका कडक होत नाही. आदल्या दिवशी करून ठेवायचं असेल तर म्हणून क्विनोआ बरा.

---

कोवळी_पालवी

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळरोमांची फवारणी करून बघितली, लव खरंच नाहीशी झाली. दोन शंका राहिल्या. पानं धुवायची की नाही? परसदार न धुता ठेवा म्हणतात, पण कच्ची खायची वस्तू न धुता खावी का? आणि रोळी, ज्वारी शिजवायला आणली आहे, तीच ट्रेमध्ये पेरून तिचे कोवळे कोंब सॅलडवर घातले तर?

---

रोळी

ज्वारीचे कोंब अजिबात नको! हे आधी सांगायला हवं होतं. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचं द्रव्य असतं, ते चावल्यावर त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. जनावरांनी कोवळी ज्वारी खाल्ली की त्यांना किराळ लागते ती याच विषामुळे. शिजवलेला दाणा निर्धास्त खा, त्याचा हिरवा कोंब नाही.

त्याच कारणाने "जे उगवेल ते कोवळं खाता येतं" असं धरून चालू नका. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा या कुळातली रोपं खायची नसतात, त्यांच्यात विषारी अल्कलॉइड असतात. राजमाही कच्च्या मोडांच्या रूपात चालत नाही, त्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन नीट उकळल्याशिवाय जात नाही. गहू आणि बार्लीचे कोंब विषारी नाहीत, पण गवतासारखे चिवट, चावून गिळवत नाहीत, त्यामुळे सॅलडला उपयोगाचे नाहीत.

---

परसदार

धुण्याबद्दल माझं वाक्य अर्धवट राहिलं. ठेवताना धुवायचे नाहीत, खाताना धुवायचे.

---

मोजमाप

आणि धुतल्यावर कोरडे केले नाहीत तर आधीची सगळी मेहनत वाया. नळाच्या धारेखाली धरू नका, देठ मोडतात. मोठ्या भांड्यात गार पाणी घ्या, पानं अलगद बुडवा, अर्धा मिनिट हलवा. टरफलं वर तरंगतात, कोकोपीट तळाशी बसतं, म्हणून पानं हाताने वर उचलून घ्या. भांडं चाळणीत उपडं केलं तर तळाचा गाळ परत पानांवर पडतो. पाणी गढूळ दिसलं तर पुन्हा एकदा. मग सॅलड फिरवायच्या जाळीत, किंवा एका सुती पंचावर पसरून दुसरा वरून टेकवून, १० मिनिटं. मूठभर पानं कागदावर ठेवून कागद ओला होत नाही, इतकी कोरडी हवीत.

पाकिटातले आधीच धुतलेले असतील तर पुन्हा धुवून फायदा नाही, उलट घरच्या भांड्यातले जंतू त्यांना लागण्याची शक्यता.

---

हिरवा_चारा

सुरक्षिततेबद्दल एक भर. मोड आणि मायक्रोग्रीन यांत लोक गल्लत करतात. मोड अंधारात, ओलसर आणि उबदार जागी वाढतात आणि बी-मुळासकट खाल्ले जातात, त्यामुळे बीवर जंतू असतील तर ते मोडांबरोबरच वाढतात. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायची मोठी साथ आली, ५० हून जास्त माणसं दगावली, आणि तिचा माग मेथीच्या मोडांपर्यंत लागला. मायक्रोग्रीन उजेडात, हवेत वाढतात आणि मुळं-बी मागे ठेवून वरून कापले जातात, त्यामुळे धोका कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे. एकदा वापरलेला ट्रे साबणाने घासून, वाळवूनच परत घ्या, आणि वापरलेलं कोकोपीट दुसऱ्या पेरणीला नको. गरोदर बाई, तान्हं मूल, म्हातारं माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी जेवायला असेल तर पानं कच्ची न देता गरम तव्यावर नीट शिजवून वाढा, कुरकुरीतपणा गेला तरी चालेल.

घरात कुणी वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध घेत असेल तर राजगिऱ्याचे मायक्रोग्रीन एकदम भरपूर सुरू करू नका. त्यांत के जीवनसत्त्व बरंच असतं, आणि ते या औषधाचा परिणाम कमी करतं. २०१२ मध्ये २५ प्रकारच्या मायक्रोग्रीनची मोजणी प्रसिद्ध झाली, तिच्यात के जीवनसत्त्वात लाल राजगिरा सगळ्यात वर होता, सी जीवनसत्त्वात लाल कोबी आणि कॅरोटिनॉइडमध्ये कोथिंबीर. एका प्रकारापेक्षा दुसऱ्यात कैक पटींचा फरक, त्यामुळे "मायक्रोग्रीन पौष्टिक" असं सरसकट बोलण्यापेक्षा दोन-तीन प्रकार मिसळावेत.

---

कोवळी_पालवी

आज गव्हाचं केलं, रात्रभर भिजवून, ३५ मिनिटं उकळून. दाणे सुटे राहिले आणि तळाला पाणी नाही. फक्त लिंबू थोडं कमी वाटलं, अर्धं वाढवलं. आता हेच डब्यात न्यायचं झालं, सकाळी ८ ला भरून दुपारी १ ला खायचं, तर थर कसे लावू?

---

मोजमाप

डब्यात तळाशी धान्य, निम्म्या ड्रेसिंगसकट, रात्रभर फ्रिजमध्ये गार झालेलं. त्यावर मीठ लावून पिळलेली काकडी आणि फळ. टोमॅटो डब्याला नको. उरलेलं ड्रेसिंग छोट्या घट्ट झाकणाच्या डबीत, पानं तिसऱ्या डब्यात कोरड्या कागदावर, मेवा कागदाच्या पुडीत. पाच तास बाहेर राहणार असेल तर बर्फाची पिशवी हवीच, शिजवलेलं धान्य तेवढा वेळ गार राहिलं पाहिजे. खायच्या २० मिनिटं आधी फक्त धान्याचा डबा बर्फाजवळून बाजूला काढा, पानं तिथेच राहू द्या.

---

परसदार

आणि डब्यासाठी मुळा-मोहरीऐवजी सूर्यफूल घ्या. कापून पाच तास झाले तरी त्याचं देठ मोडताना कट्‌ असा आवाज येतो.